दानाची थैली उघडण्याआधी

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हिशेब मी पाहते. नवा खजिनदार आला की त्याच्या हाती आधी वही देत नाही, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, देते.

सुरुवात स्तोत्र 24 पासून करा: पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं. मालक ठरला, आपण कारभारी. मग 1 करिंथ 4:2. तिथे कारभाऱ्याकडून विश्वासूपणा मागितलाय, हुशारी नाही. लूक 16 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, कारभारी हुशारच होता, तरी मालकाने त्याचा कारभार काढून घेतला. वर्ष सरलं तरी आमची तरुण पोरं या दाखल्यावर भांडतातच. भांडू द्या.

आता काम. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी नेताना प्रेषित पौलाने सोबत माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:20-21). तेव्हा थैली एकट्याने उघडायची नाही. दोघांनी मोजा, नोटा आणि चिल्लर वेगळी, आकडा शाईने, खाली दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन ही सबब मी ऐकत नाही. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, सणाला कोणी संत्र्यांची पेटी आणली, तर लिलावात ती कितीला गेली तेही लिहा.