विक्का आणि निसर्गजादू : अभ्यासाची सुरुवात कुठून करावी

विक्का या आधुनिक निसर्गपूजक धर्माविषयी कुतूहल वाटू लागलेला माणूस बहुधा आधी साहित्याच्या यादीकडे वळतो. काळ्या मुठीची सुरी, पेला, रंगीत मेणबत्त्या, स्फटिक आणि वाळलेल्या वनस्पतींच्या बाटल्या जमवल्या की आपण या वाटेला लागलो, असा त्याचा समज होतो. माझे मत याच्या उलट आहे. विक्कातील जादू वस्तूंपेक्षा वेळेवर अधिक उभी आहे. आज चंद्राची कला कोणती, सूर्य वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि आपल्या परिसरात या आठवड्यात काय फुलले किंवा काय गळून पडले, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातात कितीही सुंदर सुरी असली तरी तिचा उपयोग शोभेपुरताच. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी इतिहास आणि श्रद्धा, मग निरीक्षण, आणि विधी व साहित्य अगदी शेवटी.

विक्का हा अश्मयुगापासून अखंड चालत आलेला धर्म आहे, असे पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. आज ज्याला विक्का म्हणतात तो विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आला. मलायामध्ये कस्टम्स खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी, १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त गटात आपल्याला दीक्षा मिळाली, असा दावा केला. युरोपातील चेटूक-खटल्यांच्या मागे एक जुना, दडपला गेलेला निसर्गधर्म होता, असा सिद्धान्त ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडला होता आणि गार्डनर यांच्या मांडणीवर त्याची गडद छाया आहे. पुढे इतिहासकारांनी हा सिद्धान्त जवळजवळ पूर्णपणे फेटाळला. जादूची शक्ती असल्याची बतावणी करणे गुन्हा ठरवणारा ब्रिटनमधील १७३५ सालचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर तीनच वर्षांत गार्डनर यांनी या विषयावरील आपले पुस्तक उघडपणे प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी विधींच्या संहितेतील बराचसा उसना मजकूर काढून टाकला आणि त्याजागी स्वतःची काव्यमय रचना बसवली. विक्काला जी भाषा आहे ती बहुतांशी त्यांची देणगी आहे. १९६०च्या दशकात अलेक्स सँडर्स यांची अलेक्झांड्रियन शाखा इंग्लंडमध्ये निघाली आणि रेमंड बकलंड यांच्यामार्फत गार्डनेरियन परंपरा अमेरिकेत पोहोचली.

हा इतिहास आधी सांगण्याचे कारण असे की, वय कमी म्हणून धर्म खोटा ठरत नाही, परंतु खोट्या वयावर उभारलेली श्रद्धा पहिल्याच चांगल्या इतिहासग्रंथापुढे कोसळते. चेटूक-खटल्यांत नव्वद लाख स्त्रिया मारल्या गेल्या, हा आकडाही असाच ऐकीव आहे. आजचे अभ्यासक हा आकडा साधारण चाळीस ते साठ हजार मानतात. त्यांत पुरुषही होते आणि त्यांतील बहुतेक सर्व जण स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. शब्दाचे म्हणाल तर जुन्या इंग्रजीत ‘विक्का’ हे जादू करणाऱ्या पुरुषाचे नाम होते आणि त्याचा उच्चार ‘विच्चा’ असा काहीसा होता. मराठीत आपण ‘चेटकीण’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाबरोबर जी भीती आणि जो द्वेष येतो तो येथे नको असल्यामुळे या लेखात अनुयायांना ‘विक्कन’ असेच म्हटले आहे.

श्रद्धेच्या बाबतीत सर्वांना बांधणारा एक ग्रंथ किंवा एक पीठ विक्कामध्ये नाही. तरीही बहुतेकांना मान्य असलेला गाभा सांगता येतो. चंद्राशी जोडलेली देवी आणि सूर्य, अरण्य व पशुसृष्टी यांच्याशी जोडलेला शिंगधारी देव, ही दोन दैवते मुख्य आहेत. देवी कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांत पाहिली जाते, तर देव वर्षभराच्या चक्रात जन्मतो, वाढतो, मरतो आणि पुन्हा जन्मतो. कोणी ही दैवते प्रत्यक्ष मानतात, तर कोणी त्यांना निसर्गातील शक्तींची किंवा मानवी मनाची प्रतीके समजतात, आणि दोघेही विधीच्या एकाच वर्तुळात शेजारी उभे राहू शकतात. सैतानाला या मांडणीत स्थानच नाही, कारण ती संकल्पना ख्रिस्ती धर्मशास्त्राची आहे. पुनर्जन्मावर बऱ्याच जणांचा विश्वास असतो.

आचाराचा नियम थोडक्यात असा: कोणाची हानी होत नसेल, तर मनाला येईल ते करावे. या वचनाला इंग्रजीत ‘रीड’ म्हणतात आणि त्या जुन्या शब्दाचा अर्थ आज्ञा असा नसून सल्ला असा आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘कोणाची’ यात आपण स्वतःही येतो. दुसऱ्या माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर केलेली जादू, मग ती वशीकरणाची असो वा त्याच्या भल्यासाठीची, बहुतेक विक्कन अयोग्य मानतात. जे पाठवावे ते तिप्पट होऊन परत येते, हा नियमही प्रसिद्ध आहे, परंतु तो सर्वांनाच मान्य नाही आणि मला स्वतःला तो हिशेबाच्या वहीसारखा वाटतो.

निसर्गजादूमागची कल्पना

‘निसर्गजादू’ हा शब्द विक्काहून बराच जुना आहे. युरोपातील प्रबोधनकाळात फिचिनो, आग्रिप्पा आणि देल्ला पोर्ता यांच्यासारखे विद्वान असे मानत की, वनस्पती, खनिजे, प्राणी आणि ग्रह यांच्यात परस्परांशी जुळणारे सुप्त गुण असतात आणि ते ओळखून वापरले, तर भूतपिशाच्चांना आवाहन न करताही परिणाम साधता येतो. देल्ला पोर्ता यांचा या विषयावरील ग्रंथ १५५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चुंबक, भिंगे आणि पाककृती हे सारे एकत्र आढळते, कारण त्या काळी जादू आणि विज्ञान यांच्यातील सीमारेषा अजून आखली गेली नव्हती.

या विचारातून आलेली अनुरूपतेची कल्पना विक्कात आजही जिवंत आहे. पृथ्वी उत्तरेची, वायू पूर्वेचा, अग्नी दक्षिणेचा आणि जल पश्चिमेचे. रोझमेरी स्मृतीसाठी, लॅव्हेंडर शांततेसाठी. हिरवा रंग वाढीसाठी. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी जादूची जी दोन तत्त्वे सांगितली, ती येथे कामी येतात. सारखी वस्तू सारखाच परिणाम घडवते, हे पहिले. एकदा संपर्कात आलेल्या वस्तूंचा संबंध पुढेही टिकतो, हे दुसरे. बीज पेरताना मनातील संकल्प त्याच्याबरोबर पेरणे हे पहिल्या तत्त्वाचे उदाहरण आहे, तर आपल्या नेहमीच्या वापरातील धागा विधीसाठी घेणे हे दुसऱ्याचे. चंद्राचा हिशेबही अनुरूपतेचाच आहे: वाढत्या चंद्रात वाढीची कामे, पौर्णिमेला पूर्णत्वाची, उतरत्या चंद्रात सोडून देण्याची, आणि अमावस्येला विसावा.

अशा कृतींनी बाह्य जगातील घटना बदलतात, याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अनेक विक्कन स्वतःच सांगतात की, जादूचा पहिला परिणाम करणाऱ्याच्या लक्षावर आणि निश्चयावर होतो. संकल्पाच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयत्न हवेतच, असा शहाणा दंडक त्यांच्यात आहे. आजारपणात वैद्यकीय उपचारांऐवजी जादूवर विसंबणे तर या परंपरेच्या हानी न करण्याच्या सल्ल्यालाच सोडून होईल.

वही, चंद्र आणि ऋतू

प्रारंभी एक साधी वही घ्यावी आणि किमान तीन महिने, शक्य असल्यास वर्षभर, रोज दोन-चार ओळी लिहाव्यात. चंद्र कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, किती दिसला. सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर किती सरकली. जवळच्या एखाद्या झाडात काय बदल झाला. त्या दिवशी आपले मन कसे होते. झाड एकच निवडावे आणि वर्षभर तेच पाहावे. चंद्राचे एक चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे असते, म्हणून तीन महिन्यांत तीन आवर्तने पाहून होतात आणि तेवढ्यात माणसाला आकाशाकडे न पाहताही तिथीचा अंदाज येऊ लागतो. पुढे हीच वही वाढत जाऊन विक्कनांची ‘बुक ऑफ शॅडोज’, म्हणजे विधी, अनुभव आणि नोंदींची खासगी संहिता होते.

या नोंदींवर वर्षचक्राचे आठ सण बसवावेत. ३१ ऑक्टोबरला साउइन, वर्षातील सर्वांत लहान दिवशी यूल, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मार्चच्या संपातदिनी ओस्तारा, १ मे रोजी बेल्टेन, सर्वांत मोठ्या दिवशी लिथा, १ ऑगस्टला लूनासा आणि सप्टेंबरच्या संपातदिनी मेबन. हे चक्र या स्वरूपात १९५०च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आले आणि ओस्तारा, लिथा व मेबन ही नावे सणांना १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन विक्कनाने दिली. दक्षिण गोलार्धातील विक्कन सहसा सारे चक्र सहा महिन्यांनी फिरवतात, कारण तेथे डिसेंबरात यूल साजरा करणे म्हणजे भर उन्हाळ्यात सूर्याच्या पुनर्जन्माची वाट पाहणे होय. जेथे ऋतू या चौकटीत बसत नाहीत, तेथे तारखांपेक्षा स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवावा.

पहिला विधी

पहिल्या विधीसाठी पौर्णिमेची संध्याकाळ निवडावी. एका मेजावर उत्तरेला मातीची वाटी, पूर्वेला धूप, दक्षिणेला स्थिर धारकात बसवलेली मेणबत्ती आणि पश्चिमेला पाण्याचे भांडे ठेवावे. अथामे नावाची काळ्या मुठीची सुरी ऊर्जा दिशादर्शित करण्यासाठी असते, कापण्यासाठी नव्हे. तिच्याऐवजी हाताची तर्जनी चालते. स्नान करून, फोन बंद करून काही मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. नंतर तर्जनी समोर धरून सूर्याच्या गतीच्या दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, मेजाभोवती सावकाश एक फेरी घालावी आणि आपल्याभोवती प्रकाशाचे वर्तुळ उभे राहत आहे अशी कल्पना करावी. चारही दिशांना त्यांच्या तत्त्वांच्या नावाने बोलवावे, मग देवी आणि देव यांना स्वतःच्या शब्दांत आवाहन करावे. पाठ केलेल्या परक्या शब्दांपेक्षा अडखळत बोललेले आपले शब्द येथे अधिक चांगले.

जादूचे काम म्हणून गाठींचा विधी नवशिक्याला सोयीचा आहे. हातभर लांबीचा सुती दोरा घ्यावा आणि एकच संकल्प निश्चित करावा. ‘माझे भले होवो’ हा संकल्प इतका सैल आहे की त्याला गाठच बसणार नाही. ‘या महिन्यात रोज एक तास अभ्यासाला बसण्याची चिकाटी मला लाभो’ हा नेमका आहे, स्वतःपुरता आहे आणि तपासता येण्याजोगा आहे. प्रत्येक गाठ आवळताना तो संकल्प मोठ्याने म्हणत नऊ गाठी माराव्यात. त्यानंतर थोडे खावे-प्यावे, त्यातला एक वाटा दैवतांसाठी बाजूला ठेवावा, आवाहन केलेल्या सर्वांचे आभार मानावेत आणि उलट दिशेने फेरी घालून वर्तुळ मोडावे. शेवटी तळहात जमिनीवर टेकवून उरलेली ऊर्जा मातीत सोडून द्यावी. ही पायरी गाळणारे लोक नंतर बेचैनीची तक्रार करतात. काही जण पुढे नऊ दिवस रोज एक गाठ सोडतात. महिन्याअखेरीस काय घडले आणि काय घडले नाही, दोन्ही वहीत लिहावे.

काही खबरदारी येथेच सांगतो. पेटती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जाऊ नये. बेलाडोना, मंक्सहूड आणि फॉक्सग्लोव्ह यांची नावे जुन्या चेटूककथांत वारंवार येतात, पण या तिन्ही वनस्पती प्राणघातक विषारी आहेत आणि नवशिक्याने त्यांना हातही लावू नये. मगवर्ट ही वनस्पती गर्भवती स्त्रियांनी टाळावी. विधीत मिठाचे पाणी वापरले असेल, तर ते झाडांच्या मुळाशी ओतू नये. मातीची पूजा करून मातीच नासवण्यासारखे ते आहे.

एकट्याने की कव्हनमध्ये

विक्कनांच्या गटाला कव्हन म्हणतात आणि परंपरेने त्यात तेरापर्यंत सदस्य असतात. गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन शाखांमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दीक्षेपूर्वी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याची प्रथा अनेक कव्हन पाळतात. स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८ सालच्या पुस्तकापासून एकट्याने साधना करण्याचा मार्ग सर्वदूर मान्य झाला आणि माझ्या मते पहिले वर्ष एकट्यानेच काढलेले बरे, कारण तोवर गटाला कोणते प्रश्न विचारावेत हेही कळलेले नसते. गट शोधायचाच असेल, तर पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी. दीक्षेसाठी मोबदला मागणारा, कुटुंबापासून तोडू पाहणारा किंवा लैंगिक दबाव आणणारा गट तत्काळ सोडावा. काही शाखांत विवस्त्र विधी करण्याची रीत आहे. ती आधी सांगितली जाणे आणि नकार देण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असणे आवश्यक आहे. जबाबदार कव्हन अल्पवयीनांना घेत नाहीत, आणि उमेदवाराने ‘मला अजून वेळ हवा’ असे म्हटल्यावर त्याला घाईही करत नाहीत.