आपोआप तयार होणाऱ्या फाइलींचा उगम नोंदवताना या चुका टाळा

आपोआप तयार झालेल्या फाइलीच्या माथ्यावर ‘ही फाइल बदलू नका’ एवढेच लिहून थांबणे ही मला वारंवार दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण बदल इथे करायचा नाही हे कळले तरी तो कुठे करायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही. एका प्रकल्पात एरर कोडच्या तक्त्याची अशी फाइल होती. मूळ तक्ता आणि त्यातून फाइल तयार करणारी स्क्रिप्ट, दोन्ही नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच राहिले होते. नवा कोड हवा होता म्हणून कोणीतरी फाइल हाताने बदलली आणि पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. कालांतराने जुन्या बॅकअपमध्ये ते दोन्ही सापडल्यावर एका उतावीळ नवशिक्याने फरक न पाहताच स्क्रिप्ट चालवली आणि सगळ्या दुरुस्त्या एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) पुसल्या गेल्या. चाचण्यांची अपेक्षित मूल्येही त्याच स्क्रिप्टमधून येत असल्यामुळे त्या बिनतक्रार पार पडल्या.

माझ्या शीर्षटीपेत मूळ फाइलीचा रिपॉझिटरीतील (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातील) मार्ग, जनरेटरचे म्हणजे फाइल तयार करणाऱ्या साधनाचे नाव व नेमकी आवृत्ती आणि जशीच्या तशी चालवता येईल अशी कमांड असते. गो भाषेतील ‘कोड जनरेटेड’ने सुरू होणारी आणि ‘डू नॉट एडिट’ने संपणारी ठरावीक ओळ जरूर ठेवावी, पण साधनांनी फाइल ओळखावी यासाठी ती आहे, तेवढ्याने उगमाची नोंद होत नाही. आवृत्ती गाळल्यास काय होते, हे एकाच मूळ फाइलीतून कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ या जनरेटरच्या 2.69 आणि 2.71 या आवृत्त्यांनी तयार करून पाहिल्यास समजेल: मूळ तेच असूनही दोन्ही स्क्रिप्ट वेगळ्या निघतात.

बायनरी फाइलीत टीप लिहायला जागा नाही, ही सबब मला मान्य नाही. शेजारी रीडमी (माहितीची साधी मजकूर फाइल) ठेवता येते. मात्र तिच्यातही फाइल पुन्हा तयार करण्याची कृती हवी. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली संकुचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत घुसवलेला घातक कोड चाचणीच्या संकुचित फाइलींत दडवलेला होता. अशा अनेक फाइली हेक्स एडिटरने (फाइलीतील बाइट थेट बदलणाऱ्या साधनाने) हाताने बनवल्याचे तिथल्या रीडमीत नमूद होते, त्यामुळे त्या पुन्हा तयार करून ताडून पाहण्याची सोयच नव्हती.

टीपेत निर्मितीची वेळ किंवा स्वतःच्या संगणकावरील पूर्ण मार्ग घालू नये, कारण काहीही न बदलता प्रत्येक वेळी फरक दिसू लागतो. हे पथ्य पाळले की सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) फाइली नव्याने तयार करून ‘गिट डिफ’, म्हणजे नोंदवलेल्या फाइलींशी असलेला फरक, रिकामा येतो का, हे तपासता येते.