डाळिंबाच्या कोवळ्या झाडाला वळण देताना
सांगोला-मंगळवेढ्याकडे नवी बाग लावली असेल, तर डाळिंब एकाच खोडावर वाढवू नका. बुडातून आलेले जोमदार, एकमेकांपासून लांब असलेले 3-4 फुटवे राखा. खोडकिडीनं एक खोड गेलं तरी झाड वाचतं. बाकीचे फुटवे कोवळे असतानाच काढा. मधोमध हवा खेळू द्या, पण झाड पार उघडं करू नका, आपलं ऊन फार कडक. पहिली 2 वर्षं फुलं खुडा, जीव तुटला तरी.

आणि तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंमुळे होणारा रोग! तो कात्रीवरूनही पसरतो. प्रत्येक झाडानंतर ती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. ओल्या झाडाची छाटणी नकोच. जाड कापांवर त्याच दिवशी 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.