एआरसीची तारीख जवळ आली की

एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, म्हणजे विमान उडवायला योग्य असल्याचा तपासणीनंतर मिळणारा दाखला, आपली एआरसी, वर्षभराची असते. ती संपली की विमान जमिनीवर, मग शिकाऊ पायलटांची रांग कितीही लांब असो. म्हणून तयारी तीन महिने आधी धरा, आणि पहिलं काम हँगरमध्ये नाही, टेबलावर करा: यंदा सही कोणाची, ते विचारून घ्या. तुमच्या सीएएमओला, म्हणजे विमानाच्या देखभालीचा हिशेब सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला, रिव्ह्यूचा अधिकार डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, दिलेला असेल, तर त्यांचाच रिव्ह्यू करणारा माणूस कागद आणि विमान बघून एआरसी देईल. नसेल, तर फाईल डीजीसीएकडे जाईल आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या तारखेसाठी थांबावं लागेल. थांबायचे दिवस आतापासूनच वेळापत्रकात धरा, नाहीतर ऐनवेळी फोनाफोनी होते.

आता सही कोणाची असावी, हा दरवर्षी चहाबरोबर निघणारा वाद. सेसना 172 सारख्या, चार माणसांच्या आणि एका पिस्टन इंजिनाच्या विमानासाठी सरकारी अधिकारी कशाला, असं माझंही मत आहे. अमेरिकेत एअरवर्दिनेस सर्टिफिकेटला मुदतच नसते. दर 12 महिन्यांनी तपासणीचा खास अधिकार असलेला मेकॅनिक विमान बघतो आणि सही करतो. युरोपात मार्च 2020 पासून हलक्या विमानांना वेगळे नियम लागले. तिथे 2730 किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक विमानाची वार्षिक तपासणी करणारा स्वतंत्र परवानाधारक इंजिनिअर, तसा अधिकार त्याला मिळालेला असेल, तर त्याच खेपेला रिव्ह्यूही करू शकतो. इथे मात्र माझं गाडं अडतं. काऊलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली, डोकं घालणाऱ्यानेच सही करावी हे मान्य, पण पाना फिरवणारा आणि सही करणारा एकच माणूस नको. अधिकार सीएएमओकडे असावा, माणूस मात्र त्या विमानाच्या कामाबाहेरचा असावा.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका विमानाची शंभर तासांची तपासणी मीच केली होती, इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मीच बदलला होता, लॉगबुकात सिरियल नंबर मीच लिहिला होता आणि नंतर तीनदा मीच वाचला होता. रिव्ह्यूला आलेल्या बाईंनी आरसा आणि टॉर्च घेऊन प्लेटवरचा नंबर वाचला आणि म्हणाल्या, "यातले शेवटचे दोन आकडे उलटे आहेत हो." मला ते तिन्ही वेळा बरोबरच दिसले होते.

तेव्हा कागदांची सुरुवात नंबरांपासून करा. विमान, इंजिन आणि प्रोपेलर, तिघांची लॉगबुकं शेजारी शेजारी उघडी ठेवा आणि तास जुळतात का बघा. डेटा प्लेटवरचे नंबर दुसऱ्याला वाचायला लावा, तुम्ही फक्त रजिस्ट्रेशनच्या कागदावर बोट ठेवा. मग एडींचा, म्हणजे नियामकाने सक्तीने करायला सांगितलेल्या तपासण्या-दुरुस्त्यांच्या आदेशांचा, तक्ता. विमानाच्या, इंजिनाच्या, प्रोपेलरच्या आणि आत बसवलेल्या उपकरणांच्या एडी वेगवेगळ्या काढा. नुसतं 'पूर्ण' लिहून भागत नाही. कधी, किती तासांना, कोणत्या पद्धतीने आणि पुढची कधी, हे चारही लागतं. बदललेल्या प्रत्येक भागाचं रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे तो वापरायला योग्य असल्याचा कागद, फाईलमध्ये हवं. आयुष्य ठरलेल्या भागांची यादी, वजन आणि समतोलाचा शेवटचा अहवाल, फ्लाइट मॅन्युअलची चालू आवृत्ती, विमा, रेडिओचा परवाना हे एका फोल्डरमध्ये घाला. पुढे ढकललेले स्नॅग, म्हणजे नोंदवलेले बिघाड, असतील तर ते आधी निपटा.

विमानात मात्र घाई नको. सेसनात मी सगळ्यात आधी सीटचे रूळ बघतो. त्यांच्यावर एडीच आहे, 2011-10-09: दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी, जे आधी येईल ते. सीट पूर्ण मागे घ्या, गालिचा उचला, रुळातली धूळ ब्रशने काढा. पिन बसायची भोकं गोल असायला हवीत; वर्षानुवर्षं सीट पुढे-मागे करून ती लांबट होतात, कडेला बारीक चिरा जातात. पिन नीट बसली नाही तर टेकऑफला नाक वर उचलताच सीट सरकन मागे जाते, हातात धरलेला योक (विमानाचं स्टिअरिंग) पायलटबरोबर मागे ओढला जातो, आणि पाय रडरच्या पेडलपर्यंत पोचत नाहीत. भिंगाशिवाय हे काम करू नका.

वेग मोजणारी पिटोट ट्यूब आणि टाक्यांचे व्हेंट (हवा जायची भोकं) बघा. विमान आठ दिवस उभं राहिलं तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधायला कमी करत नाही. पावसाळ्यात ड्रेनमधून निघणारं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. अ‍ॅवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर दिसतं, तळाशी पाण्याचा थेंब लगेच कळतो. उन्हाने विटलेले प्लॅकार्ड, म्हणजे सूचनांच्या चिकटपट्ट्या, बदला. क्षुल्लक वाटतात, पण रिव्ह्यूत सापडणाऱ्या उणिवांत ते हमखास असतात. ईएलटीच्या, म्हणजे अपघातात ठिकाण कळवणाऱ्या यंत्राच्या, बॅटरीची तारीखही वाचा.

रिव्ह्यूच्या दिवशी पॅनेल आणि फरशीच्या पाट्या आधीच उघडून ठेवा, बॅटरी चार्ज करा, शिडी, टॉर्च आणि आरसा हाताशी ठेवा. ज्याने काम केलंय तो इंजिनिअर जवळ हवा, पण विचारल्याशिवाय बोलू नये. मला हे अजून जमत नाही. आणि एआरसी हातात आली की रजिस्ट्रेशन, सिरियल नंबर आणि तारीख तिथेच, सही करणारा गाडीत बसायच्या आत, मोठ्याने वाचून घ्या.