जुन्या गिटार अ‍ॅम्पसाठी ट्रान्झिस्टर शोधताना

सत्तरच्या दशकातला ट्रान्झिस्टरवाला गिटार अ‍ॅम्प दुरुस्तीला आला की बहुतेकदा तक्रार एकच असते: फ्यूज उडतो, नवा टाकला की तोही उडतो. मागच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) धातूच्या जाड टोप्या, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर, बसवलेल्या असतात आणि त्यांवर २एन३०५५ हा नंबर दिसला की हायसं वाटतं, कारण हा नंबर आजही सहज मिळतो. फसगत तिथेच होते.

आधी गेलाय कोण ते बघा. प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरमधून उतरवा, तो शून्याजवळ आलाय ना हे मीटरवर पाहा. मग ट्रान्झिस्टर सर्किटमधून सोडवून मीटरच्या डायोड सेटिंगवर लावा. बेस, कलेक्टर आणि एमिटर ही ट्रान्झिस्टरची तीन टोकं. बेसपासून कलेक्टर आणि एमिटरकडे एकाच दिशेने सिलिकॉनला ०.५ ते ०.७, जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर वाजला तर तो शॉर्ट आहे. त्याच्या मागचा ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला सिग्नल देणारा ट्रान्झिस्टर) आणि एमिटरचे छोटे रेझिस्टरही तपासा, नाहीतर नवा टाकलेला क्षणात जातो.

आता नंबर. जपानी मालावर सुरुवातीचं ‘२एस’ छापत नाहीत. नुसतं सी१८१५ म्हणजे २एससी१८१५. युरोपियन नंबर ‘ए’ने सुरू झाला तर जर्मेनियम, ‘बी’ने सुरू झाला तर सिलिकॉन. एसी१२८च्या जागी सिलिकॉन ठोकू नका, बायस (सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक करंट) पूर्ण बदलतो. काही कंपन्या स्वतःचाच नंबर छापत, तो कुठल्याच डेटाबुकात सापडत नाही. अशा वेळी सर्किट डायग्राम मिळवा, आणि तोही नसेल तर सर्किटलाच विचारा: एनपीएन की पीएनपी (उलटसुलट ध्रुवतेचे दोन प्रकार), व्होल्टेज किती, करंट किती?

व्होल्टेजवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट असेल तर आवाज टोकाला गेल्यावर एकेका आउटपुट ट्रान्झिस्टरवर जवळपास ७० व्होल्ट येतात. २एन३०५५ची मर्यादा ६० आहे. कंपनीने त्या काळी निवडून घेतलेले नग लावले असतील, तुमच्या हातातला नग तसा असेलच असं नाही. इथे १२० व्होल्टचा एमजे१५०१५ किंवा १४० व्होल्टचा एमजे१५००३ बरा.

शिवाय जुना ३०५५ संथ होता. आजचा, त्याच नंबराचा, बराच चपळ असतो. जुन्या सर्किटमध्ये हा चपळपणा नडतो: कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन, म्हणजे सर्किटचं आपोआप थरथरणं, सुरू होतं आणि काहीही न वाजवता हीटसिंक तापते. ऑसिलोस्कोप असेल तर हे लगेच दिसतं.

नकली मालाचं वेगळंच. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मला ‘साहेब, सेम टू सेम’ म्हणत चार नग दिले होते. एक तासाभरात गेला. करवतीने टोपी कापली, तर आतली चिप तांदळाच्या दाण्याएवढी. ३०५५चे १५ अँपिअर तिला कुठले झेपणार! तेव्हापासून पावती देणाऱ्या अधिकृत वितरकाकडून घेतो आणि एक नग जास्तीचा घेतो, कापून बघायला.

छोट्या ट्रान्झिस्टरचे पाय डेटाशीटवरूनच जुळवा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून बीसी५४७ला कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४ला एमिटर-बेस-कलेक्टर, आणि सी१८१५ला एमिटर-कलेक्टर-बेस.

बसवताना अभ्रकाचा वॉशर आणि हीटसिंक पेस्ट विसरू नका. ३०५५ची टोपी म्हणजेच कलेक्टर. टोपी आणि हीटसिंकमध्ये मीटर वाजत नाही ना, ते पाहा. स्पीकर काढून ठेवा, मेन लाइनमध्ये ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि स्विच द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे बायस मोजायला हरकत नाही. लखलखत राहिला, तर स्विच बंद करा आणि ड्रायव्हरपासून परत सुरुवात.