दोर कधी सोडायचा? घोड्याबरोबर जमिनीवरचं काम शिकणाऱ्यांसाठी

खोगीर चढवण्याआधी खाली उभं राहून, मोहरकी (घोड्याच्या डोक्यावर चढवायची, तोंडात लोखंड नसलेली दोरीची बांधणी) आणि दोराच्या आधारानं घोड्याला पुढे, मागे, आडवं आणि गोल हलायला शिकवतात, त्याला ‘ग्राउंडवर्क’ म्हणतात. आज ते ज्या रूपात शिकवलं जातं ते अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांकडून आलं. टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि रे हंट (१९२९–२००९) यांनी ते रुजवलं. पुढे अमेरिकन अश्वप्रशिक्षक पॅट पॅरेलीनं त्याचे ‘सात खेळ’ बांधले आणि नवशिक्यांना ते सोपं झालं. खेळ सात असोत की सतरा, खरी मेख एकच आहे. दाब सुटतो त्या क्षणी घोडा जे करत असतो, तेच तो शिकतो. दोर ओढायला कुणालाही येतं. तो वेळेवर ढिला करायला शिकण्यात पहिले काही महिने जातात.

सामान थोडंच लागतं. ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या दोरीची, गाठी असलेली मोहरकी, साधारण १२ फुटांचा वजनदार दोर आणि ४ फुटांची ताठ काठी, तिच्या टोकाला ६ फुटांची सुती दोरी. नारंगी रंगाची महागडी काठीच हवी असं नाही, नीट तासलेला बांबू चालतो. दोर मात्र हलका घेऊ नका. वजनदार दोर बोटानं हलवला तरी लाट मोहरकीपर्यंत पोचते, हलका दोर हवेतच विरतो. बाजारात मिळणारी रुंद नायलॉनची मोहरकी घोड्याला उशीसारखी वाटते, तो तिच्यावर रेलून उभा राहतो.

मोहरकीची नाकावरची दोरी गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली बसली पाहिजे. आणखी खाली गेली तर नाकाच्या नाजूक, पातळ हाडावर दाब येतो. गाठ फासाभोवती, फासाच्या खालून मारायची आणि उरलेलं टोक डोळ्यापासून दूर, मागच्या दिशेला ठेवायचं. गाठ फासाच्या वर सरकली की ओढ बसल्यावर ती सुटता सुटत नाही. ही मोहरकी घालून घोड्याला खुंट्याला बांधू नका आणि मोकळाही सोडू नका. ती तुटत नाही. त्यात खूर अडकला तर मान मोडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

हातमोजे, पुढून कडक असलेले बूट आणि हेल्मेट घाला. खाली उभं असताना हेल्मेट कशाला, असं वाटतं. पण पुढचे पाय उचलणारा घोडा डोक्याच्या उंचीवरच मारतो. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, घड्या करून तळहातात धरायचा.

उभं राहायची जागा खांद्याच्या रेषेत, थोडं तिरकं. नाकाच्या अगदी खाली आणि शेपटीच्या थेट मागे घोड्याला दिसत नाही. मागून जायचं असेल तर एक तर हात पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या मांसल भागावर) ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर लाथेच्या पल्ल्याबाहेर, ३ मीटर लांबून. मधल्या अंतरावर दुगाणी पूर्ण ताकदीनं बसते.

पहिलं काम सवयीचं. काठीची दोरी खांद्यावरून हळू, एका लयीत टाकायची आणि ओढून घ्यायची. मग पाठ, पुठ्ठा, पाय आणि शेवटी मान. घोडा सरकला तरी लय थांबवायची नाही, फक्त त्याच्याबरोबर चालत राहायचं. पाय थांबले, मान खाली आली की दोरी लगेच थांबवायची. नवशिका नेमकं उलटं करतो. घोडा बुजला की बिचारा घाबरला म्हणून तो थांबतो आणि घोडा शिकतो की पळालं की त्रास संपतो. मात्र घोडा खरंच भेदरला असेल तर जोर वाढवू नका, अंतर वाढवा. नुसता स्थिर उभा आहे म्हणजे शांत आहे, असंही नाही. डोळे मोठे, ओठ घट्ट, श्वास रोखलेला, अशा घोड्यानं हार मानलेली असते. तो पुढे कधीतरी अचानक फुटतो. ओठ चाटण्याचा अर्थही लोक सरसकट ‘कळलं त्याला’ असा लावतात. बऱ्याचदा तो ताण ओसरल्याचा इतकाच असतो.

दाबाच्या चार पायऱ्या असतात: केसांना स्पर्श, मग कातडीला, मग स्नायूला, मग हाडापर्यंत. प्रत्येक पायरीला दोन-तीन सेकंद. घोड्यानं वजन नुसतं कलतं केलं तरी हात लगेच काढायचा, पाऊल पडायची वाट बघायची नाही. सुरुवात डोकं खाली आणण्यापासून करा. एक हात दोन कानांमागे, दुसरा मोहरकीच्या गाठीवर. इंचभर डोकं खाली आलं की हात सोडा. दर वेळी चौथ्या पायरीपर्यंत जावं लागत असेल तर पहिली पायरी तुम्ही फार घाईनं ओलांडताय. आणि पहिल्या-दुसऱ्याच पायरीवर मिनिटभर घुटमळत राहिलात तर घोड्याला तो दाब माशीसारखा वाटू लागतो. पर्यटकांना फिरवणारे आणि वरातीत चालणारे घोडे असे बधिर झालेले आढळतात. त्यात पूर्वी कुणी काटेरी लगाम घातलेला असेल (गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांबाबतच्या भारताच्या १९६५च्या नियमांनुसार तो वापरायला बंदी आहे) तर तोंडाजवळ हात आला की घोडा डोकं वर फेकतो. अशा घोड्याला शिकण्यापेक्षा विसरायलाच जास्त वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ ज्याला द्यावा ते म्हणजे मागचा भाग फिरवणं. तंगाच्या (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) रेषेत उभे राहा, दोर थोडा घेऊन त्याचं नाक तुमच्याकडे वळवा, नजर पुठ्ठ्यावर ठेवा आणि काठीची लय त्या दिशेला सुरू करा. तुमच्याकडचा मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडला पाहिजे. तो मागून गेला तर घोडा मागे सरकतोय, म्हणजे तुम्ही दोर जास्त खेचलाय. घोडा पुढेच चालू लागला तर नाक पुरेसं वळलेलं नाही. एक-दोन पावलं पुरेत, मग थांबून मान चोळा. एवढी मेहनत कशासाठी? कारण पळण्याची, उधळण्याची ताकद मागच्या पायांतून येते आणि पाय एकमेकांना ओलांडताना ती ताकद निघून जाते. पुढे खोगिरावर बसल्यावर हाच तुमचा ब्रेक असतो.

पुढचा भाग फिरवताना वजन मागे हवं. म्हणून आधी एक पाऊल मागे घ्या, मग गालाच्या आणि मानेच्या दिशेनं लय द्या.

मागे चालवण्यासाठी घोड्यासमोर, पण किंचित बाजूला, दोराच्या टोकाशी उभे राहा. आधी फक्त बोट, मग मनगट, मग कोपर, मग पूर्ण हात हलवा. घोडा मागे जाताना डोकं वर करून पाठ खोलगट करत असेल तर तुम्ही दोर जोरात हलवताय आणि हनुवटीखालची गाठ त्याला लागतेय. मागचा भाग डावीकडे घसरला तर नाकही डावीकडे न्या. मागचा भाग उजवीकडे येऊन सरळ होतो. आजची दोन सरळ पावलं उद्याच्या वाकड्या दहांपेक्षा कामाची.

गोल फिरवणं मात्र सगळ्यात जास्त बिघडवलं जातं. नवशिके मध्ये उभं राहून काठी फिरवत बसतात. घोड्याला एकदा पाठवा, मग स्वतः स्थिर राहा. तो थांबला तरच पुन्हा सांगा. दोन फेऱ्या झाल्या की मागचा भाग फिरवून आत बोलवा. वीस-वीस फेऱ्या मारून घोडा शांत होत नाही. दम वाढतो आणि सांध्यांवर ताण येतो.

सगळं दोन्ही बाजूंनी करा. जगभर घोड्याची हाताळणी डावीकडून होते, त्यामुळे उजवी बाजू बहुधा कोरीच असते. डाव्या बाजूला ओळखीची झालेली पिशवी उजव्या डोळ्याला दिसली की घोडा नव्यानं बुजतो.

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेणाऱ्यांना लगेच अडचण येते ती ट्रकमध्ये चढवण्याची. त्याची तयारी घरीच होते. कुंपण आणि तुम्ही यांच्यामधून घोडा पाठवा, सुरुवातीला ४ मीटरच्या फटीतून, मग हळूहळू ती दीड मीटरवर आणा. पलीकडे गेला की त्याला वळवून तुमच्याकडे तोंड करू द्या आणि थोडा वेळ उभा राहू द्या. नंतर जमिनीवर फळी टाकून तिच्यावरून न्या. खुरांखालचा पोकळ आवाज ओळखीचा झाला की अर्धं काम झालं.

काम १५-२० मिनिटांवर नेऊ नका. काल जमलेलं आज अचानक जमत नसेल तर आधी खूर, पाठ आणि दात बघा; हट्टीपणा समजून काठी उचलली जाते आणि निघतो तो दुखरा नाल.

मैदानात सोडताना घोड्याचं तोंड फाटकाकडे वळवा, डोकं खाली घ्यायला सांगा, मोहरकी काढा पण दोर मानेभोवती चार-पाच सेकंद राहू द्या. मग आधी तुम्ही मागे सरका. उलटं केलंत तर तो गर्रकन वळून मोकळेपणाच्या आनंदात दुगाण्या झाडत जाईल आणि त्या पल्ल्यात तुम्ही उभे असाल.