शेजारच्या क्लबात गेलेला खेळाडू : रग्बी लीगमधील कराराची बातमी कशी वाचावी

इंग्लंडमधील हल शहरातून हल याच नावाची नदी वाहते. तिच्या पश्चिमेला ‘हल एफसी’चे चाहते राहतात आणि पूर्वेला ‘हल किंग्स्टन रोव्हर्स’चे, असे ढोबळमानाने मानले जाते. यांपैकी एका क्लबाने दुसऱ्याचा खेळाडू करारबद्ध केला की एका काठावरून गद्दारीचा आरोप होतो आणि दुसऱ्या काठावर आनंदीआनंद असतो. या गदारोळात प्रत्यक्ष काय घडले, हे बाहेरच्या वाचकाला सहसा कळत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी उत्तर इंग्लंडात गेलेल्या, तसेच भारतात राहून हा खेळ पाहू लागलेल्या मराठी वाचकाला अशी बातमी स्वतःच तपासता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. आधी करार वाचावा, मग गाव समजून घ्यावे, आणि ‘खेळाडू क्लबाला सोडून गेला’ असे म्हणण्यापूर्वी क्लबाने त्याला सोडले होते का, हे नक्की विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगच्या नावात ‘लीग’ असले, तरी ती सात-सात खेळाडूंची, रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराच्या परंपरेतील स्पर्धा होती. येथे विचार आहे तो तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू सामन्यासाठी खाडा करीत, तेव्हा त्यांची बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, या वादातून उत्तरेकडील क्लब मूळ संघटनेतून फुटले आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात त्यांनी स्वतंत्र संघटना उभारली. मोबदल्याचा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे, त्यामुळे खेळाडूने पैशांचा विचार करून क्लब बदलला म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. आयपीएल किंवा प्रो कबड्डीसारखा लिलाव मात्र येथे नसतो. खेळाडू, त्याचा एजंट आणि क्लब यांच्यात थेट बोलणी होतात, आणि म्हणूनच प्रत्येक स्थलांतरात खेळाडूच्या इच्छेचा अंश असतो.

आधी तारीख, मग रक्कम

बातमी हाती आली की पहिल्यांदा पाहावे ते खेळाडूच्या जुन्या कराराची मुदत कधी संपते. ज्याचा करार चालू हंगामाअखेर संपणार आहे, त्याच्याशी इंग्लंडमध्ये इतर क्लबांना १ मेपासून उघडपणे बोलणी करता येतात. हंगाम फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. याचा परिणाम असा होतो की जून-जुलैमध्ये शेजारच्या क्लबाशी करार केल्याचे जाहीर झालेला खेळाडू पुढचे कित्येक आठवडे जुन्याच क्लबाची जर्सी घालून मैदानात उतरतो, आणि कधी कधी त्याच काळात त्या शेजाऱ्याशीच सामना येतो. चाहत्यांचा सर्वाधिक संताप या मधल्या काळात होतो. खेळाडूने नियम मोडलेला नसतो, पण त्याचा प्रत्येक सुटलेला झेल आता संशयाने पाहिला जातो. अशा आठवड्यांत प्रशिक्षक त्याला संघात ठेवतो की बाहेर बसवतो, यावरून क्लबाच्या आतले वातावरण बऱ्यापैकी ओळखता येते.

करार मुदतीआधीच मोडला असेल तर हकीकत वेगळी असते. तेथे हस्तांतरणाची रक्कम, खेळाडूंची अदलाबदल किंवा ‘परस्पर संमतीने मुक्त’ यांपैकी काहीतरी लिहिलेले आढळते. माझ्या मते ‘परस्पर संमती’ हे शब्द दिसले की क्लबालाही तो खेळाडू नको होता का, याचा शोध घ्यावा. पुष्कळदा तसेच असते. विंगर मार्टिन ऑफायाला विगनने जानेवारी १९९२ मध्ये विडनेसकडून ४,४०,००० पौंडांना घेतले, तेव्हा रक्कम हीच बातमी होती. आज बहुतेक खेळाडू करार संपल्यावर रकमेशिवायच जातात, म्हणून मोठ्या आकड्याच्या शोधात राहिलेल्या वाचकाच्या नजरेतून मुख्य गोष्ट निसटते.

ती मुख्य गोष्ट म्हणजे वेतनमर्यादा. सुपर लीग या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील क्लबाने खेळाडूंच्या वेतनावर वर्षाला किती खर्च करावा यावर बंधन आहे, आणि अलीकडच्या वर्षांत ही मूळ मर्यादा २१ लाख पौंड राहिली आहे. काही मोजक्या ‘मार्की’ म्हणजे नामांकित खेळाडूंचे वेतन कितीही असले तरी त्याचा ठरावीक भागच हिशेबात धरला जातो. एका खेळाडूची वेतनवाढ मंजूर करायची तर दुसऱ्या कोणाला तरी सोडावे लागते, आणि सोडलेला तो दुसरा खेळाडू गुणवान असला तर सर्वांत आधी शेजारच्या क्लबाच्या नजरेत भरतो. बाहेरच्या देशांत घडलेल्या खेळाडूंच्या संख्येवरही मर्यादा असल्यामुळे स्थानिक अकादमीत तयार झालेल्या खेळाडूला अधिक भाव येतो. वेतनमर्यादेचा नियम किती कडकपणे राबवला जातो हे पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पुरेसे आहे: वेतनमर्यादा चुकवल्याचे उघड झाल्यावर मेलबर्न स्टॉर्मकडून २००७ आणि २००९ ची विजेतेपदे २०१० मध्ये काढून घेण्यात आली.

यानंतर खेळाडूची जागा पाहावी. हाफबॅक आणि हुकर या जागा संघाची चाल ठरवतात, आणि तेथील चांगला माणूस सहजी मिळत नाही. जुन्या क्लबात त्याच जागेवर विशीतला होतकरू खेळाडू तयार असेल, तर तिशीतल्याला जाऊ देण्यात शहाणपणच असते. प्रॉपच्या, म्हणजे पुढच्या फळीत धडका देणाऱ्या धिप्पाड खेळाडूच्या, बाबतीत वयापेक्षा दुखापतींचा इतिहास महत्त्वाचा ठरतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

विगन आणि सेंट हेलेन्स ही गावे पंधरा किलोमीटरहूनही कमी अंतरावर आहेत, आणि त्यांचा पहिला लीग सामना १६ नोव्हेंबर १८९५ रोजी शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला होता. ली हे गाव तर १९७४ पासून विगनच्याच प्रशासकीय हद्दीत आहे. तेथील चाहत्यांना त्यांचे गाव विगनचा भाग असल्याचे सांगून पाहावे, म्हणजे वैर कशाला म्हणतात ते कळेल. एम ६२ या महामार्गाच्या आजूबाजूला असे क्लब खेटून वसले आहेत. खेळाडूने शेजारचा क्लब निवडला तर त्याला घर बदलावे लागत नाही, मुलांची शाळा बदलावी लागत नाही, आणि फुटबॉलच्या मानाने माफक वेतन असलेल्या या खेळात ही बाब फार मोठी आहे. ज्या गावाला तो सोडून गेला असे म्हणतात, त्याच गावात तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जातो. त्याच्यावरचा राग त्याला रोज भेटतो, आणि म्हणून असा निर्णय कोणी उथळपणे घेत नाही.

याच जवळिकीमुळे ‘हा कोणाचा’ हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. शॉन लाँग विगनचा मुलगा आणि विगन क्लबाचाच खेळाडू; पण तेथे त्याचे बस्तान बसले नाही, तो विडनेसमार्गे १९९७ मध्ये सेंट हेलेन्सला पोहोचला, आणि चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या २००४ मधील अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सने विगनला ३२-१६ असे हरवले तेव्हा सामनावीराचा लान्स टॉड करंडक त्यालाच मिळाला. विगनच्या चाहत्यांना झालेले दुःख मला समजते, पण त्यात विश्वासघात शोधणे अन्यायाचे आहे. २०२० चा ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचा अंतिम सामना, याहून जिव्हारी लागणारा होता. कोविडमुळे हलच्या रिकाम्या स्टेडियमवर गुण ४-४ असताना अंतिम भोंगा वाजला, टॉमी मॅकिन्सनची ड्रॉप किक खांबाला लागून परतली, आणि विगनच्या बेव्हन फ्रेंचच्या आधी झेप घेऊन जॅक वेल्सबीने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय केला. सेंट हेलेन्सला ८-४ असे विजेतेपद मिळवून देणाऱ्या या वेल्सबीचा जन्म विगनचा.

काही खेळाडू वळसा घालून जातात. सेंट हेलेन्सकडून २०१९ च्या ग्रँड फायनलमध्ये सामनावीर ठरलेला ल्यूक थॉम्प्सन आधी ऑस्ट्रेलियात कँटरबरीकडे गेला आणि २०२४ मध्ये परतला तो विगनकडे. मध्ये अशी काही वर्षे गेली की रागाची धार बोथट होते. थेट गेलेल्याला ही सवलत मिळत नाही. पॉल कुकला ती अजिबात मिळाली नाही. २००५ च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत ट्राय करून हल एफसीला लीड्सविरुद्ध २५-२४ असा विजय मिळवून देणारा हा हलचाच खेळाडू २००७ मध्ये ऐन हंगामात नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला, आणि त्याचा करार मुळात लागू होता की नाही यावरूनच वाद पेटला. माझ्या मते अशा प्रकरणात चाहत्यांचा राग समर्थनीय असतो, कारण येथे हंगाम संपण्याची वाट पाहिली गेली नव्हती.

प्रशिक्षकांनाही हेच निकष लावावेत. सेंट हेलेन्सने २००५ मध्ये इयान मिलवर्डला काढून टाकले, विगनने त्याला लगोलग नेमले, आणि त्याच उन्हाळ्यात चॅलेंज कपमध्ये सेंट हेलेन्सने विगनचा ७५-० असा धुव्वा उडवला. शेजाऱ्याने टाकलेला माणूस घाईने उचलू नये, असा याचा अर्थ काढणारे मात्र चुकतात. २०१९ ते २०२१ या काळात विगनचा प्रशिक्षक असलेला एड्रियन लॅम पुढे लीकडे गेला आणि २०२३ मध्ये त्याने त्या क्लबाला चॅलेंज कप जिंकून दिला.

क्लाइव्ह सलिव्हनचे उदाहरण नीट पाहावे

हलमधील कोणत्याही कराराविषयी मत बनवण्यापूर्वी वाचकाने क्लाइव्ह सलिव्हनची कारकीर्द समजून घ्यावी. कार्डिफमध्ये जन्मलेला हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, १९६१ मध्ये हल एफसीकडे आला आणि तेथे त्याने २५० ट्राय केले. १९७२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद कोणत्याही खेळात भूषवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. असा माणूस १९७४ मध्ये नदीपलीकडे रोव्हर्सकडे गेला. तिशी उलटलेल्या विंगरचे आता काय राहिले, असे तेव्हा कोणाच्या मनात आले असेल तर नवल नाही, कारण वेगावर जगणाऱ्या या जागेवर वय लवकर दिसते. तेथे त्याने आणखी ११८ ट्राय केले.

३ मे १९८० रोजी वेंब्लीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना हलच्या याच दोन क्लबांमध्ये झाला. शहर इतके ओस पडले की ‘शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवे मालवावेत’ अशी पाटी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर लावली गेली होती. रोव्हर्सने तो सामना १०-५ असा जिंकला आणि विजयी संघात सलिव्हन होता. त्यानंतर तो पुन्हा हल एफसीकडे परतला आणि १९८२ मध्ये पुन्हा खेळवल्या गेलेल्या अंतिम सामन्यात त्या क्लबाकडूनही चॅलेंज कप जिंकला. १९८५ मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा शहरात शिरणाऱ्या ए ६३ या प्रमुख रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले, आणि दोन्ही क्लबांच्या सामन्यांत त्याच्या नावाचा करंडक दिला जातो. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन काठांनी एकाच माणसाला आपले मानले, याचे कारण तो जेथे खेळला तेथे झोकून देऊन खेळला, हे मला महत्त्वाचे वाटते. स्थलांतराचा खरा निकाल लागायला किती वर्षे लागतात, तेही यात दिसते.

क्लबांचे दिवस फिरतात, हेही हिशेबात धरावे. २०१६ मध्ये हल एफसीने वेंब्लीवर प्रथमच चॅलेंज कप जिंकला आणि त्याच हंगामात रोव्हर्सची सुपर लीगमधून घसरण झाली. २०२५ मध्ये रोव्हर्सने चॅलेंज कप, साखळीतील अग्रस्थान आणि ग्रँड फायनल असे तिन्ही सन्मान मिळवले. खेळाडूंचा ओढा चढत्या क्लबाकडे असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याने २०१६ मध्ये घेतलेला निर्णय आणि २०२५ नंतर घेतलेला निर्णय एकाच मापाने मोजता येत नाही.

पहिला सामना पाहताना

खेळाडू जुन्या क्लबाविरुद्ध प्रथम उतरतो तो सामना शक्य असेल तर मैदानावर जाऊन पाहावा. गुड फ्रायडेचा विगन-सेंट हेलेन्स सामना यासाठी उत्तम. मात्र दोन्ही क्लबांच्या पोशाखात लाल-पांढरा रंग असल्यामुळे नवख्याने तिकीट कोणत्या बाजूचे आहे ते आधी पाहून घ्यावे आणि अंगावरच्या मफलरचा विचार करावा. हलमध्ये ही अडचण नाही: काळा-पांढरा एफसीचा, लाल-पांढरा रोव्हर्सचा.

खेळाडूविरुद्धच्या आरोळ्यांकडे फार लक्ष देऊ नये. जुने सहकारी त्याला काय करतात ते पाहावे. तो विंगर किंवा सर्वांत मागे उभा राहणारा फुलबॅक असेल तर सुरुवातीच्या उंच किक बहुधा त्याच्याच दिशेने येतात, कारण त्याला कोणत्या खांद्यावरचा झेल जड जातो हे त्यांना सरावातून ठाऊक असते. तो हाफबॅक असेल तर किक मारल्यानंतर त्याला किती वेळा आडवे केले जाते ते मोजावे. प्रॉप असेल तर पहिल्या वीस मिनिटांनंतर त्याचा वेग किती टिकतो, ते पाहावे. या एका सामन्यावरून करार फसला किंवा साधला असा निष्कर्ष काढू नये. जुन्या क्लबाने त्याची जागा कोणाला दिली आणि तो कसा खेळतो आहे, याची नोंद हंगामभर ठेवावी. दोन्ही क्लबांतील कोणाकोणाचे करार यंदा संपतात याची यादी एप्रिलमध्येच करून ठेवली, तर १ मेनंतर येणाऱ्या अफवांपैकी कोणती शक्य कोटीतील आहे आणि कोणती केवळ एजंटाने सोडलेली पुडी आहे, हे बऱ्याच अंशी स्वतःच ठरवता येते.